दुर्गंधाची चार नावे

‘स्मेल’, ‘ओडर’, ‘स्टिंक’ आणि ‘स्टेंच’ हे चार इंग्रजी शब्द घेऊन शब्दकोशाकडे जावे, तर ‘वास’ आणि ‘दुर्गंध’ या दोन मराठी शब्दांत बहुधा आपली बोळवण होते. कोश खोटे सांगत नाही, पण अर्धेच सांगतो.

आमच्या धर्मग्रामातील काही मुली परिचारिका होऊन परदेशी गेल्या आहेत. त्यांपैकी एकीने सुट्टीत आली असता आम्हांस विचारले, ‘फादर, चिघळलेल्या जखमेविषयी नोंदीत यांपैकी कोणता शब्द लिहावा?’ प्रश्न केवळ भाषेचा नव्हता. अशी नोंद डॉक्टर वाचतो, तशी ती रुग्णही मागवून वाचू शकतो. आणि तेथील रुग्णाची तर ती मातृभाषाच!

‘स्मेल’ फुलाचाही असतो आणि गटाराचाही. मात्र विशेषणावाचून वापरला की आपल्या ‘वास येतोय’प्रमाणे त्याचा रोख वाईटाकडे वळतो. ‘ओडर’ लॅटिनमधून आलेला, जणू हातमोजे घालून वावरणारा शब्द. तो अहवालात शोभतो. साचलेल्या, कुजलेल्या, नाकातून जाता जात नाही अशा घाणीसाठी ‘स्टेंच’. ‘स्टिंक’ त्याचाच भाऊबंद, पण तोंडाचा फटकळ. मौज अशी की, प्राचीन इंग्रजीत हे दोन्ही शब्द सुवासालाही चालत असत. शब्दांनाही पडते दिवस येतात!

आम्ही तिला ‘फाउल ओडर’ सुचविले. ‘फाउल’ हा शब्द संस्कृत ‘पूति’चा दूरचा नातलग, जखमेतला आपला ‘पू’ही त्याच कुळातला. तो जखमेची अवस्था सांगतो. ‘डिसगस्टिंग’, ‘रिव्होल्टिंग’, ‘नॉशिएटिंग’ या शब्दांचे तसे नाही. पहिल्याच्या मुळाशी चव आहे, दुसऱ्याच्या मुळाशी मागे वळणे, तर तिसऱ्याच्या पोटात चक्क ग्रीक जहाज आहे. मळमळ मूळची बोट लागण्याची. हे तिन्ही शब्द पाहणाऱ्याच्या पोटात काय झाले ते सांगतात. नासलेल्या दुधाला ते खुशाल वापरावेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नोंदीत त्यांचे काम नाही.

हीच निवड बायबलच्या भाषांतरकारांपुढेही आली. योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाझरसच्या कबरीवरील धोंड काढण्यास प्रभू सांगतो, तेव्हा मार्था अडखळते. मृत्यूला चार दिवस झालेले आहेत. तिच्या तोंडचे ग्रीक क्रियापद मुळात नुसते ‘वास येणे’ एवढेच सांगते. १८४० मध्ये नाव मिळालेला ‘ओझोन’ वायू याच क्रियापदाचा ऋणी आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने येथे ‘स्टिंक’ योजला, आणि कर्ता केला तो लाझरसलाच. १९४६ च्या सुधारित नव्या कराराने ‘ओडर’ आणला. वाक्यातून लाझरस बाजूला झाला, उरला फक्त वास. पुढे १९८९ च्या आवृत्तीने ‘स्टेंच’ घातला, पण लाझरसला काही कर्तेपण परत दिले नाही.

विद्वानांची कारणे असतील. आम्हांस मात्र १६११ चाच शब्द पटतो. परिचारिकेने ‘ओडर’ लिहावे हे योग्यच. पण चार दिवस घरात रडून कबरीपाशी आलेली सख्खी बहीण ‘ओडर’ म्हणेल, हे काही मनाला पटत नाही.