एका पत्राचें उत्तर

हर्सूलच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यानें स्कोडा मोटार गेली, कीं शेजारी तिची किंमत सांगूं लागतात. मला मात्र एक पत्र आठवतें. बोहेमियांतील व्हाक्लाव क्लेमेंट या पुस्तकविक्रेत्याची सायकल बिघडली, तेव्हां त्यानें जर्मन कारखानदारांना आपल्या चेक भाषेंत तक्रार लिहिली. उत्तर हवें असल्यास आम्हांस समजेल अशा भाषेंत लिहा, असा त्यांचा जबाब आला. क्लेमेंटनें व्हाक्लाव लॉरिन या कारागिराशीं भागी करून १८९५ सालीं म्लादा बोलेस्लाव येथें स्वतःचाच कारखाना काढला. सायकलींचें नांव ठेवलें 'स्लाव्हिया'. १९०५ सालीं तेथें मोटार झाली, १९२५ सालीं तो कारखाना स्कोडांत विलीन झाला, आणि २००१ सालीं आमच्या शहराच्या पूर्वेस शेंद्र्याला त्याच घराण्याच्या मोटारी जुळूं लागल्या.

भाषेचा अभिमान आपणांतहि उदंड आहे; परंतु तो सभेंत उसळतो आणि टाळ्यांबरोबर विरतो. मराठी पत्राला असाच जबाब आला, तर आपण दुसरें पत्र मुकाट्यानें इंग्रजींत लिहितों, किंवा फार तर निषेधाचा ठराव करतों. क्लेमेंटच्या रागाला हात होते. म्हणूनच २०२२ सालीं चाकणला बनूं लागलेल्या स्कोडाच्या मोटारीलाहि त्या पहिल्या सायकलीचेंच नांव मिळालें.