तुझा तारा बंद पडलेला नाही

सेलू, जि. परभणी

चि. स्नेहल,


ताईचा फोन येऊन गेला तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. "माझा तारा बंद पडलाय, आता विषय बदलते," असं तू तिला सांगितलंस म्हणे. ती बिचारी मलाच विचारते, दुरुस्त होत नाही का तो? तिचं सोड. पण तू असं बोलावंस? आकाशगंगांचे समूह घेते म्हणालीस, कारण ते 'कायम असतात'. वा! कायम असतं तेच बघायचं होतं तर हा उसळणारा तारा निवडलासच कशाला?

गरुडातला तुझा तो एक्स-1 बंद पडत नाही गं, भरत असतो. शेजारच्या लहान ताऱ्याकडून ओढलेला वायू न्यूट्रॉन ताऱ्याभोवती चकती करून फिरतो. चकती थंड असते तोवर वायू आत फारसा सरकत नाही, नुसता साठतो. तापमान काही हजार अंशांपुढे गेलं की हायड्रोजनचं आयनीभवन होतं, चकतीतलं घर्षण एकदम वाढतं आणि कित्येक महिन्यांची शिल्लक थोड्या आठवड्यांत ताऱ्यावर कोसळते. सूर्याहून जास्त वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलेलं. त्यावर आदळलेला वायू कोटी अंशांच्या घरात तापतो आणि क्ष-किरणांचा उद्रेक होतो. येलदरी धरणाचे दरवाजे उघडले की आपण गाड्या काढून धावतो. पाणी चढत होतं तेव्हा किती जण गेले होते? आणि तुझा तारा तर सरासरी वर्षाकाठी एकदा उसळतो. एवढाही दम नाही?

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी लिहितो: निरीक्षणाचं खरं मोल शांत दिवसांत असतं. 1989 साली सापडलेला असाच एक न्यूट्रॉन तारा, केएस 1731-260, बारा-एक वर्षं धगधगत राहिला आणि 2001 मध्ये विझला. लोकांनी पाठ फिरवली असती तर? पण 'चंद्रा' दुर्बीण त्याच्याकडे वळवली गेली, आणि तापलेलं कवच वर्षानुवर्षं कसं निवत जातं ते मोजता आलं. ताऱ्याच्या पोटात काय आहे याचा अंदाज त्या निवण्यावरून बांधतात. उद्रेकाच्या लखलखाटात ते दिसतच नाही. आणि नोंदी जपून ठेवण्याचं मोल विचारशील, तर तुझ्याच ताऱ्याची गोष्ट विसरलीस? 1998 च्या उद्रेकात तो दीडशे सेकंद, फक्त दीडशे, सेकंदाला 550 वेळा लुकलुकला. हे उघड झालं 2008 मध्ये, आरएक्सटीई उपग्रहाची जुनी टिपणं कुणीतरी पुन्हा चाळली तेव्हा. चाळणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ती टिपणं मुळात कुणी जपली होती म्हणून ना? आपल्याकडे नोंद ठेवणाऱ्याला कारकून म्हणतात आणि हार शोधणाऱ्याच्या गळ्यात घालतात. यावर मी एकदा बोलायला लागलो की तुझी मामी स्वयंपाकघरात निघून जाते, म्हणून आवरतो.

आणि हे बघणं आपल्याकडे काही आजचं नाही. हवा क्ष-किरणांना खाली येऊ देत नाही, म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) मंडळींनी 28 एप्रिल 1968 ला हैदराबादहून फुगा उडवून वृश्चिकातला स्को एक्स-1 पाहिला. हैदराबादचे फुगे अजून उडतात, आणि आकाशातून पेटी पडली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, असं आवाहन आपल्या जिल्ह्यात अजून निघतं. लहानपणी तशी पेटी आपल्याच शेतात पडावी म्हणून तू मारुतीला नारळ बोलली होतीस. तो फोडायचा राहिलाय.

आता खरी धास्ती सांगतो. हे तारे सांगून उसळत नाहीत. आकाशाची सतत टेहळणी करणारं यंत्र आधी हाक देतं, मग मोठ्या दुर्बिणी वळतात. आरएक्सटीई 2012 मध्ये थांबला. जपान्यांचं मॅक्सी 2009 पासून अंतराळ स्थानकावर आहे, पण ते स्थानक तरी किती दिवस? आपला अ‍ॅस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 ला गेला, तो पाच वर्षांच्या बोलीवर. त्यावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाच्या तीन संचांपैकी एक 2018 मध्येच बंद करावा लागला, दुसराही पूर्वीसारखा चालत नाही. यंत्रं म्हातारी होत चालली आहेत, आणि बघणारी पोरंही 'कायम असणाऱ्या' गोष्टींकडे निघाली, तर पुढचा उद्रेक कोण टिपणार?

पण थांब. इतकं लिहून झाल्यावर वाटतं, ताऱ्याचं निमित्त तर नाही ना? ताई म्हणाली, तुझा आवाज बसल्यासारखा होता. शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का? कुणी टाकून बोललं का? एकटीनं सोसत बसायचं, हा तुझा जुना दोष.

विषय बदलण्याचा अर्ज दिला नसशील तर आठवडाभर तसाच ठेव. पैशांचं असेल तर संकोच करू नकोस, कापूस विकलाय. आणि खरोखरच मन उठलं असेल तर बदल विषय, मी एक अक्षर बोलणार नाही. (मामी हसतेय.) फक्त कारण खरं सांग, तेही ताईच्या आधी मला. रात्री अकरापर्यंत जागा असतो.

तुझा,
मामा