उणे दोन

आमच्या हॉस्टेलमधे कुठल्याही दुखण्यावर एकच औषध आहे - "फॉरमॅट मार!" कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मार. आवाज येत नाही? फॉरमॅट मार. सर्दी झाली असं सांगितलं तरी आमच्या मजल्यावरची एखादी सीनिअर झोपेत हेच म्हणेल. आणि लिनक्स अपडेट केल्यावर वाय-फाय गेलं, मग तर बघायलाच नको. "सांगितलं होतं ना, कशाला हवंय ते लिनक्स!" हेही वर ऐकून घ्यायचं.

मला या औषधाचा मनापासून राग आहे, म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटमधे शिकल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सगळं संपादकांच्या भरवशावर सोडलं आहे!)

माझ्या शेजारच्या खोलीत फर्स्ट इयरची एक मुलगी राहते. दहावीपर्यंत तालुक्याच्या शाळेत, मराठी माध्यम. लॅपटॉप मामेभावाने वापरून दिलेला. विंडोज ११ त्याला झेपत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आधीच पास आऊट झालेल्या एका ताईने त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. वाय-फायच्या कार्डाला एक फाइल लागत होती, तीही पेनड्राइव्हवरून आणून योग्य त्या फोल्डरमधे ठेवली होती. वर्षभर सगळं सुरळीत.

एका संध्याकाळी लॅपटॉप म्हणाला अपडेट आहे. तिने होय म्हटलं. रीस्टार्ट झाला आणि वाय-फायचं चिन्हच गायब! दुसऱ्या दिवशी स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख. गेटसमोरच्या दुकानवाल्याने फोनवरच निदान केलं - ५०० रुपये, फॉरमॅट करून देतो, डेटाची गॅरंटी नाही.

तिची कागदपत्रं पेनड्राइव्हवर घेऊन फॉर्म आम्ही माझ्या लॅपटॉपवरून भरून टाकला. तरी ती रडायची थांबेना. म्हणाली, "ताई, मला हे कॉम्प्युटर जमणारच नाही. ब्रँच बदलून मिळते का बघते." ५०० रुपयांपेक्षा मला हे वाक्य महाग वाटलं.

मग तिच्या लॅपटॉपवर 'डीमेसेज' नावाची कमांड दिली. मशीन सुरू झाल्यापासून कर्नलने लिहिलेली ही डायरी असते. (देवनागरीत ही कमांड एखाद्या पाहुण्यासारखी दिसते, पण चालवून घ्या.) वाय-फायशी संबंधित ओळी शोधल्या, तर लाल रंगात एकाखाली एक तेच - फर्मवेअर लोड करता आलं नाही, एरर -२. मी ती ओळ इंग्रजीत फाडफाड वाचली. ती म्हणाली, "म्हणजे काय?"

आणि मी गप्प! नर्सरीपासून इंग्रजीत शिकलेली मी, ओळीतला शब्दन् शब्द मला येत होता. पण मराठीत सांगायला लागले तेव्हा समजलं की सांगण्यासारखं आधी मलाच जुळवावं लागणार आहे. तर आम्ही दोघी पलंगावर बसून एकेक शब्द सोडवायला लागलो.

उणे दोन सगळ्यात सोपं निघालं. युनिक्सच्या परंपरेत चुकांना नंबर आहेत, त्यात २ म्हणजे 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही'. कर्नल आतल्या आत चुकांचे नंबर उणे करून परत देतं, म्हणून उणे दोन. म्हणजे कार्ड जळलेलं नाही, लॅपटॉप बिघडलेला नाही. एक फाइल मागितली, ती मिळाली नाही. एवढंच.

आता ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत फरक काय? इथे आम्हाला एस.टी. उपयोगी पडली. बसमधे ड्रायव्हर पुढे बसतो. गर्दीत उभं राहून तिकीट काढणं, कोण चढलं कोण उतरलं बघणं, हे कंडक्टरचं काम. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, तो घंटी ऐकतो. एक टण् म्हणजे थांब, दोन टण् टण् म्हणजे चल. वाय-फायच्या कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. रेडिओ लहरींच्या गर्दीत उभं राहणारा तो कंडक्टर. त्याने काय करायचं ते ज्या फाइलीत लिहिलेलं असतं ते फर्मवेअर. ड्रायव्हर असतो कर्नलमधे, आणि दोघं ठरलेल्या खुणांनी बोलतात. बऱ्याच कार्डांमधे फर्मवेअर कायमचं साठवायला जागा नसते. लॅपटॉप बंद केला की कंडक्टर सगळं विसरतो, आणि दर वेळी सुरू करताना ड्रायव्हरने डिस्कवरून ती फाइल आणून त्याला पढवायची.

आता समजा ड्रायव्हरला डेपोतून नवीन सूचना आली की यापुढे तीन घंट्या झाल्या की निघायचं, आणि कंडक्टरकडे जुनंच पत्रक आहे. दोघंही हुशार, दोघंही प्रामाणिक, आणि बस स्टँडवरच उभी! ही उपमा तिचीच आहे हं, मी नुसती लिहून काढली. तिचे काका एस.टी.त कंडक्टर आहेत.

या खुणा मधून मधून बदलतात, म्हणून फर्मवेअरच्या फाइलीच्या नावात नंबर असतो. तिच्या कार्डाचा ड्रायव्हर त्याला माहीत असलेला सगळ्यात वरचा नंबर आधी मागतो. तो नसला की डायरीत उणे दोन लिहितो आणि एक पायरी खाली येतो. म्हणजे त्या लाल ओळी बघून घाबरायचं कारण नाही. पुष्कळदा दोन-तीन उणे दोन होऊन खालचा नंबर सापडतो आणि वाय-फाय मजेत चालतं. खरी वाईट ओळ शेवटची - 'योग्य फर्मवेअर सापडलं नाही'. ड्रायव्हर ज्या नंबराच्या खाली उतरायला तयार नव्हता, त्याच्याही खालचा नंबर त्या ताईने ठेवलेल्या फाइलीवर होता.

मग अपडेटने नवी फाइल का आणली नाही? कारण फर्मवेअर कर्नलच्या घरात राहत नाही. पूर्वी थोडं राहायचं, पण २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत कर्नलमधून तो फोल्डरच काढून टाकला. आता 'लिनक्स-फर्मवेअर' असा वेगळा साठा आहे आणि त्याचं पॅकेज वेगळं येतं. सगळ्या कंपन्यांच्या कार्डांच्या फाइली त्यात असल्याने ते अवजड आहे. हॉस्टेलच्या नेटवर ते उतरवण्यापेक्षा त्या ताईने हवी ती एकच फाइल आणली, हे मला अगदी समजतं. पण हाताने ठेवलेल्या फाइलीची नोंद पॅकेज मॅनेजरकडे नसते. तो बिचारा यादीत आहे तेवढंच अपडेट करतो. ड्रायव्हर नवा झाला, पत्रक जुनं राहिलं.

कर्नलवाल्यांनी २०२२ साली याबद्दल मार्गदर्शक सूचनाही लिहून ठेवल्या. नवं कर्नल घातलं म्हणून लोकांना नवं फर्मवेअर शोधायला लागू नये, आणि नव्या फर्मवेअरने जुनं कर्नल बिघडू नये. चांगलंच आहे, पण जुन्या खुणा जन्मभर कोण लक्षात ठेवणार? शिवाय उलटं भांडणही असतं. आता या फाइली दाबून लहान करून ठेवतात. एक्सझेड पद्धतीने दाबलेल्या फाइली कर्नल ५.३ पासून (२०१९) वाचता येतात, झेडस्टँडर्डच्या ५.१९ पासून (२०२२). त्याआधीच्या कर्नलसमोर फाइल ठेवली तरी ते उणे दोनच म्हणणार!

आता नेट नाही म्हणून फर्मवेअर नाही, आणि फर्मवेअर नाही म्हणून नेट नाही. आधी कोंबडी की आधी अंडं? फोन यूएसबी केबलने जोडून नेट देता येतं (ते तारेचं नेटवर्क म्हणून दिसतं, वाय-फाय कार्ड लागत नाही), पण आम्हाला आमचं निदान पण तपासायचं होतं. लॅपटॉप बंद करून सुरू केला, सुरुवातीच्या ग्रबच्या मेन्यूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधे गेलो. अपडेटनंतर बहुतेक लिनक्समधे आधीचं कर्नल तसंच ठेवलेलं असतं. तिला म्हटलं, जुनं निवड. एंटर तिनंच दाबला. जुना ड्रायव्हर, जुनं पत्रक... आणि कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह! ती अशी ओरडली की रेक्टर मॅडम जिन्यापर्यंत येऊन गेल्या.

त्या नेटवरूनच ते अवजड पॅकेज लावलं. आम्ही मेसमधे जाऊन, जेवून, दुसऱ्यांदा वाढलेला भात संपवून आलो तरी उतरतच होतं. मग लॅपटॉप पूर्ण बंद, पुन्हा सुरू, या वेळी नव्या कर्नलवर. चाललं. फॉरमॅट नाही, ५०० रुपये नाहीत. तेव्हापासून ब्रँच बदलायचा विषय तिने काढलेला नाही. मीही काढत नाही.

पण तिने पुढे जे विचारलं ते मला सुचलंच नव्हतं. "ताई, त्या फाइलीत लिहिलंय काय?" उघडून दाखवली. नुसता अक्षरांचा कचरा. ड्रायव्हर कोणीही वाचावा, सुधारावा. फर्मवेअर मात्र बहुतेक वेळा कंपनीने तयार करून दिलेलं. वाटा, पण बदलू नका. काहींनी वाटायलाही परवानगी दिली नव्हती. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा ड्रायव्हर लोकांनी उलट बाजूने अभ्यास करून लिहिला, आणि फर्मवेअर मात्र विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढायला लागायचं. त्यासाठी 'फर्मवेअर-कटर' नावाचा प्रोग्रॅमच होता! जानेवारी २००८ मधे कर्नल २.६.२४ बरोबर 'बी४३' हा नवा ड्रायव्हर आला. त्याला चौथ्या आवृत्तीचं फर्मवेअर हवं, लोकांकडे होतं तिसरं. आमच्या खोलीत झालेलं भांडण तेव्हाही झालेलं आहे. डेबियनवाल्यांनी तर असं बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमधे घ्यायचं की नाही यावर २०२२ साली मतदान घेतलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते घेतलं. मला विचाराल तर बरं केलं. ज्याचं नेटच चालत नाही त्याला स्वातंत्र्यावरचं भाषण कुठून ऐकू येणार?

त्याच ब्रॉडकॉमच्या काही कार्डांसाठी इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातल्या लोकांनी २००९ च्या सुमारास स्वतःचं खुलं फर्मवेअर लिहिलं. म्हणजे कंडक्टरचं पत्रक त्यांनी आपल्या हाताने लिहिलं. हे सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "विद्यापीठ म्हणजे आपल्यासारखंच कॉलेज ना?" आणि ब्रेशिया कुठे आहे ते नकाशावर शोधत बसली. वाय-फायवरून!