आडनाव भरणे अनिवार्य आहे

माझं सगळं शिक्षण उर्दू माध्यमातून झालं. बी.एड. करून आता बारा वर्षं उर्दू शाळेतच शिकवते. सॉफ्टवेअर कसं बनवावं यावर लिहिण्याचा हिला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. अधिकार इतकाच, की मोठ्या कंपन्या जे बनवतात ते रात्री अकरानंतर मी भरत बसते. दिवसा सर्व्हर चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती अडकली. तिच्या घराण्याला आडनाव नाही. तिचं नाव, पुढे वडिलांचं नाव, संपलं. आपल्यात अशी कितीतरी घरं आहेत. कुठे 'शेख' नावाआधी लागतं, कुठे शेवटी. कुठे बापाच्या कागदावर 'सय्यद' आहे, मुलाच्या नाही. आईच्या नावापुढचं 'बी' रेशनकार्डावर जोडून, पासबुकात तोडून. आणि पडद्यावर तीन चौकटी : आडनाव, नाव, वडिलांचे नाव. आडनावाची चौकट रिकामी ठेवली की लाल अक्षरं उमटतात. टिंब दिलं, चालेना. रेघ दिली, चालेना. शेवटी वडिलांचंच नाव दुसऱ्यांदा भरलं. पासबुकात ते एकदाच होतं. नाव जुळलं नाही, पैसे आले नाहीत. वडील हमाली करतात. एका दिवसाची मजुरी बुडवून ते कार्यालयात गेले. तिथे त्यांना सांगितलं गेलं, कॉम्प्युटर चूक करत नाही, शाळेने केली असेल. मग ते माझ्याकडे आले आणि काही न बोलता नुसते उभे राहिले. हात माझाच होता, हे खरं. पण मी दुसरं काय भरणार होते?

माझा धाकटा भाऊ पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ईदला आला तेव्हा त्याला रात्री शेजारी बसवलं. आधी हसला. मग म्हणाला, "आपा, रिक्वायरमेंट में जो लिखा रहता, हम वोइच बनाते." मी विचारलं, "लिखनेवाले ने मदरसा देखा था क्या?" तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने सांगितलं, की तो स्वतः चौदा महिने एका गोदामाचं सॉफ्टवेअर लिहीत होता आणि गोदामात एकदाही गेला नव्हता.

बी.एड.ला आम्ही पाठ टाचण लिहायचो. उद्दिष्टं, कृती, मूल्यमापन, सगळे रकाने भरलेले. आणि वर्गात पहिल्याच पाच मिनिटांत एखादं पोर असा प्रश्न विचारायचं, की टाचण बाजूला ठेवावं लागे. म्हणूनच निरीक्षक मागच्या बाकावर बसत. टाचण तपासायला नव्हे, वर्ग पाहायला. भावाने सांगितलं, त्यांच्याकडेही एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं असतं, पण तारीख जवळ आली की पहिली काट त्यालाच बसते. २०१२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर बाजारातल्या कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासलं नव्हतं. वापरातून गेलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले.

ते पैसेवाल्यांचे पैसे होते. मला जास्त लागली ती ब्रिटनच्या टपाल खात्याची हकिकत. १९९९पासून तिथल्या छोट्या टपाल कचेऱ्यांत 'होरायझन' ही हिशेबाची प्रणाली आली. ती पेटीत नसलेली तूट दाखवू लागली. पोस्ट चालवणाऱ्यांनी घर गहाण ठेवून ती भरली. ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर चोरीचे खटले झाले. नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली. २०१०मध्ये तर एका गर्भवती बाईला तुरुंगात जावं लागलं. तक्रार करणाऱ्या अनेकांना सांगितलं जाई, हे फक्त तुमच्याकडेच होतंय. प्रणालीतले दोष न्यायालयाने २०१९मध्ये मान्य केले आणि शिक्षा रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडलं. 'कॉम्प्युटर चूक करत नाही' हे वाक्य तिथे कायद्यानेच गृहीत धरलं होतं. आपल्याकडे ते कार्यालयाच्या खिडकीवर ऐकू येतं.

भावाला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते. आपली बरीच मुलं आता या धंद्यात आहेत, त्यांच्या कामी येईल. चौकट अनिवार्य करण्याआधी विचारा, ही नसलेला माणूस कुठे जाईल? 'अवैध माहिती' एवढंच न लिहिता काय चुकलं आणि कसं सुधारायचं ते लिहा. अर्धवट भरलेलं जपून ठेवा, वीज सगळीकडे असते असं समजू नका. कुणी काय बदललं याची नोंद ठेवा, म्हणजे हमालाला कुणी खोटं पाडणार नाही. सगळ्या जिल्ह्यांत एकदम सुरू करू नका, आधी दोन शाळांत चालवा. त्यातली एक उर्दू शाळा असू द्या. आणि तपासणीसाठी बनावट नावं स्वतःच्या ओळखीतली घेऊ नका.

जाताना त्याने माझा हजेरीपट मागितला. मी दिला नाही, पोरांची नावं बाहेर कशी देणार? मग आम्ही दोघांनी बसून त्याच घडणीची त्रेचाळीस खोटी नावं लिहिली. आठवड्याने त्याचा फोन आला. त्याच्या टीमच्या नव्या कामात त्यातली अकरा अडकली होती. मॅनेजर म्हणाला, ही तर अपवादात्मक नावं आहेत. भाऊ म्हणाला, सर, माझंच नाव त्यात अडकतंय. ती चौकट आता ऐच्छिक झाली आहे.

आमच्या पोर्टलवर मात्र ती तशीच आहे. गेल्या आठवड्यात नवे अर्ज सुरू झाले. ती मुलगी आता नववीत आहे. पासबुक घेऊन आली आणि विचारू लागली, "टीचर, इस बार क्या लिखना?"