अथेन्सचे अरण्य आणि मुलीची संमती

शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे नाटक म्हटले की वाचकांना पऱ्या आठवतात आणि गाढवाचे डोके लाभलेला विणकर आठवतो. सेमिनरीत आम्ही ते वाचले तेव्हा मनमुराद हसलो होतो. पुढे विवाहेच्छू मुलामुलींची विवाहपूर्व विचारपूस करण्याचे काम वाट्याला आले आणि या नाटकाचा पहिला अंक आम्हाला अधिक जवळचा वाटू लागला.

सुमारे १५९५-९६ साली लिहिलेल्या या नाटकाचा आरंभ अरण्यात नव्हे, दरबारात होतो. ईजियस आपली कन्या हर्मिया हिला ड्यूक थीसियसपुढे उभी करतो. तिचे प्रेम लायसँडरवर आहे. पित्याची पसंती डिमिट्रियसला आहे. कुळाने आणि संपत्तीने दोघे तरुण तुल्यबळ आहेत. तरीही कन्या आपली आहे, आपण सांगू त्यालाच तिने वरावे, अन्यथा अथेन्सच्या कायद्याप्रमाणे मरावे, असा पित्याचा हट्ट. थीसियस तिसरा मार्ग सुचवितो: मठात आजन्म कौमार्य.

येथे आम्ही थबकतो. ज्या जीवनाला आपण ईश्वराचे पाचारण म्हणतो, ते या मुलीपुढे शिक्षा म्हणून ठेवले जाते! चर्चच्या १९८३ सालच्या धर्मसंहितेनुसार बळजबरीने वा गंभीर भीतीपोटी स्वीकारलेली नवदीक्षा अवैध ठरते. तशाच दडपणाखाली झालेला विवाहही अवैध ठरतो. वधूवरांच्या संमतीची उणीव कोणतीही मानवी सत्ता भरून काढू शकत नाही.

हर्मिया आणि लायसँडर रात्री अरण्यात पळून जातात. डिमिट्रियस त्यांच्या मागावर निघतो, आणि त्याच्या मागे हर्मियाची बालमैत्रीण हेलेना. डिमिट्रियसने पूर्वी हिलाच प्रेमाची वचने दिलेली असतात. त्या अरण्यात पऱ्यांचा राजा ओबेरॉन व राणी टिटानिया यांचे भांडण चालू असते, तेही एका भारतीय बालकावरून! त्याची आई टिटानियाची मर्त्य सखी. ती बाळंतपणात वारलेली. तिच्या आठवणीखातर राणी बाळाला सोडत नाही.

मग ओबेरॉन एका फुलाचा रस आणवितो. झोपलेल्याच्या पापण्यांवर तो पडला की जाग येताच जे प्रथम दिसेल त्यावर त्याचे मन जडते. खट्याळ पक चुकीच्या माणसाला रस लावतो, पुढे ओबेरॉन स्वतः डिमिट्रियसला लावतो, आणि दोघेही तरुण हेलेनामागे धावू लागतात.

आता एक गोष्ट पाहा. हा रस दोन्ही तरुणांच्या पापण्यांवर पडतो, खुद्द पऱ्यांच्या राणीच्याही पापण्यांवर पडतो. पण हर्मिया आणि हेलेना यांना त्याचा थेंबही लागत नाही. एकाच आसनावर बसून एकच फूल भरणाऱ्या या मैत्रिणी त्या रात्री एकमेकींशी भांडतात, उंचीवरून एकमेकींना बोलतात. परंतु आपापल्या प्रेमापासून ढळत नाहीत. हर्मिया तर त्या एकांतातही लायसँडरला दूर निजावयास सांगते. “मुलीच्या जातीला काय कळते?” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही रात्र जरूर वाचावी.

याचा अर्थ पळून जाणे योग्य, असा नव्हे. नाटकाच्या तीस-बत्तीस वर्षे आधी, १५६३ साली, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने दोन्ही बाजू तोलल्या होत्या. पालकांच्या संमतीवाचून झालेला विवाह तेवढ्याच कारणाने व्यर्थ ठरतो, हे मत तिने धिक्कारले. त्याचबरोबर गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी धर्मगुरू आणि साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक केली. दार उघडे ठेवले, पण त्यात दिवाही लावला.

शेवटी थीसियस पित्याचा हट्ट बाजूस सारतो आणि विवाह होतात. मात्र अखेरच्या अंकात या दोन्ही नववधूंच्या तोंडी एकही शब्द नाही. फेलिक्स मेंडेल्सन यांनी १८४२ साली याच नाटकासाठी रचलेली विवाहधून आज कित्येक चर्चमध्ये नवदांपत्य बाहेर पडताना वाजते. तिच्या गजरात नववधूचे मौन ऐकू येत नाही. म्हणूनच विचारपूस करताना आम्ही मुलीला एकटीला बसवितो आणि तिच्यावर कोणाचे दडपण आहे काय, हे विचारतो. आईबापहो, हा प्रश्न तिला प्रथम आमच्याकडून ऐकावा लागू नये. तो आधी घरात विचारला जावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याचा धीरही घरात असावा.