जिन, जीन आणि जिन्नस

जय जिनेंद्र मैत्रिणींनो!

सकाळी मंदिरात, फोन उचलताना, वाटेत कोणी भेटले की, दिवसातून किती वेळा हा शब्द आपल्या तोंडी येतो! मी बी.कॉम. असूनही त्याचा हिशोब कधी ठेवला नाही. 'जिन' हा 'जि' या संस्कृत धातूपासून झालेला शब्द. जि म्हणजे जिंकणे. आपले मराठी 'जिंकणे'ही त्याच धातूचे. ज्याने राग-द्वेष जिंकले तो जिन आणि त्याच्या मागून चालणारा तो जैन. एवढे पाठशाळेतले मूलही सांगेल. पण अमरकोशात 'जिन' हे गौतम बुद्धांचेही नाव आहे, हे मला मोठेपणीच कळले. हेमचंद्राचार्यांच्या अभिधानचिंतामणीत ते अर्हंतांचे नाव म्हणून येते. मला यात वावगे काही वाटत नाही. ज्याने स्वतःला जिंकले त्याला दुसरे काय म्हणणार?

माझे माहेर वऱ्हाडातले, कापसाच्या मुलखातले. वडील जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशोब लिहायचे. गावात त्याला नुसते 'जीन' म्हणत. "बाबा जिनात गेलेत," असे आई सांगे, तेव्हा माझा धाकटा भाऊ विचारायचा, "सकाळी एकदा मंदिरात जाऊन आले ना, मग परत?" दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागे, सरकी वेगळी, रुई वेगळी, आणि संध्याकाळी वडिलांच्या भुवयांवरसुद्धा कापूस. हे 'जीन' म्हणजे इंग्रजीतल्या 'एंजिन'चे शेपूट. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९४ मध्ये सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते नाव जगभर गेले. (आपल्याकडे हाताने फिरवायची चरकी त्याच्या कितीतरी आधीपासून होती, पण पेटंट कोण घेणार!) 'एंजिन' आले लॅटिनमधल्या 'इन्जेनियम'वरून, म्हणजे जन्मजात बुद्धी, कल्पकता. त्यातला 'जेन' हा आपल्या 'जन्' धातूचा सख्खा भाऊ. जन्म, जननी, जाती यांच्या घरातला.

याच घरातला आणखी एक शब्द माझ्या स्वयंपाकघरात सापडला, तेव्हा मला फार गंमत वाटली. जिन्नस! वाण्याच्या यादीतला, डब्यातला, "दिवाळीचे चार जिन्नस केले" यातला. आपल्याकडे तो फारसीतून आला, फारसीत अरबी 'जिन्स'वरून, म्हणजे प्रकार, जात. आणि अरबांनी तो ग्रीकांच्या 'गेनोस'पासून घेतला. गेनोस म्हणजे कुळ, वंश. त्याच ग्रीक मुळावरून विल्हेल्म योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये 'जीन' हा शब्द घडवला, तोच डॉक्टर लोक आनुवंशिकता समजावताना वापरतात. म्हणजे माझ्या लाडवाच्या डब्याचे आणि माझ्या नातवाच्या कुरळ्या केसांचे नाव एकाच कुळातले. आणि ज्याचा उच्चार सगळ्यांत जवळचा, तो आपला 'जिन' मात्र त्या कुळात नाही. तो 'जन्'चा नव्हे, 'जि'चा. जन्माने मिळतो तो जीन, जिंकून व्हावे लागते तो जिन. ही कोटी नाही हो, व्याकरणच आहे.

घोड्याच्या पाठीवरचे जीन फारसी. ते बनवणारे ते जिनगर. जीन्सचे कापड इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावाचे. आणि दिव्यातून निघणारा जिन अरबी, ज्या मुळाचा अर्थ झाकणे, लपवणे. डोळ्यांना दिसत नाही म्हणून जिन. झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, आईच्या पोटात लपलेला गर्भ तो जनीन आणि ज्याला जिनाने धरले, वेड लावले, तो मजनू. अँत्वान गालाँने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या गोष्टी फ्रेंचमध्ये आणताना या जिनाला 'जेनी' केले, कारण त्यांच्याकडे त्या नावाचा एक राखणदार आत्मा आधीच होता. एकाचे कपडे दुसऱ्याला बरोबर बसले.

माझी भाची जपानात राहते. तिथे माणूस म्हणजे 'जिन', म्हणून ती 'इंदोजिन', भारतीय माणूस. दुसऱ्या अक्षराने लिहिला तर तिथे 'जिन' म्हणजे कनवाळूपणा. चीनमध्ये 'जिन' सोनेही असते आणि वजनही. भाजीबाजारात एक जिन म्हणजे अर्धा किलो. तैवानात मात्र सहाशे ग्रॅम. माझ्यातली कॉमर्सवाली लगेच भाव काढू लागली.

आता राहिला तो, ज्याच्यामुळे मी हे शब्दकोश उघडून बसले. गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नात आम्ही बायका सूर्यास्तापूर्वी जेवून हिरवळीवर बसलो होतो. एक तरुण मुलगा, चांगला शिकलेला, हातात पेला घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, आम्हीपण जिनाचेच भक्त!" सगळे हसले. त्याची आजी शेजारीच बसली होती. तिला ऐकू कमी येते. तिच्या कानावर 'जिन' एवढेच पडले आणि तिने डोळे मिटून हात जोडले. कोणीतरी त्यावरही हसले.

त्या पेल्यातला 'जिन' म्हणजे डच 'येनेवर'चा तुकडा. मूळ लॅटिन 'जुनिपेरस', जुनिपर नावाच्या झुडपाची फळे त्यात घालतात म्हणून. जिंकण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये या स्वस्त दारूने गरिबांची इतकी दैना केली, की १७५१ मध्ये तिच्या विक्रीला आवर घालणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी विल्यम होगार्थने 'जिन लेन' हे चित्र काढले. पायऱ्यांवर एक बाई बसली आहे, नशेत हसते आहे आणि तिच्या हातातून तिचे मूल खाली निसटते आहे. तिला पत्ताच नाही. माझ्याच्याने ते चित्र फार वेळ बघवले नाही.

तो मुलगा वाईट नाही. आजीची औषधे तोच आणतो. म्हणून त्या दिवशी चारचौघांत मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात तो आजीला घेऊन आमच्याकडे येणार आहे. मूग भिजत घालणार आहे, धिरडी त्याला आवडतात. आजी आत विसावली, की चित्र मात्र त्याला दाखवणार आहे.