रद्दीतल्या कादंबऱ्या

चि. बाळ,



तुझं पत्र परवा मिळालं. दादाच्या कादंबऱ्या रद्दीत घातल्यास आणि त्या फडताळात आता खेळाचं सामान नीट बसतं, हे वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ तशीच बसून राहिले. अर्नाळकर सगळे गेले? झुंजार, काळा पहाड, सगळे? आणि निळ्या पुठ्ठ्याची ती ख्रिस्तीसुद्धा? एक फोन करायचा होतास रे. रिक्षा करून आले असते.

तू विचारलंस ते इतकंच, की तीन वाट्या आणि गोळ्यांच्या खेळात हात सफाईनं चालतात, तरी शेवटी वाटीखालून लिंबू निघतं तेव्हा कुणी दचकत का नाही. त्याचं उत्तर त्या फडताळातच होतं. दादा रोज आरशासमोर तासभर सराव करत बसायचा, ते तुला आठवतं. त्यानंतरचा तास आठवायचा नाही, तू झोपलेला असायचास. मी वाचायचे, तो ऐकायचा. रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची ती १९२६ सालची कादंबरी संपल्यावर त्यानं मला मागे जायला लावून एक परिच्छेद तीनदा वाचून घेतला. ख्रिस्तीबाईंनी काही दडवलेलं नव्हतं. सगळं डोळ्यांदेखत मांडलेलं, आणि आम्ही दोघं त्यावरून सरळ पुढे गेलो होतो, कारण तेव्हा आमचा जीव भलतीकडेच अडकला होता. (खुनी कोण ते मी सांगणार नाही. वाचली नसशील तर विकत आण.) दादा म्हणाला, "लिंबू इथं सरकवायचं."

हसू फुटलं की माणसाची मान सैल पडते, तेवढाच क्षण आपला. पण हसायला आधी गोष्ट लागते. तुझी गोळी जाते आणि येते. लोकांना तू कशाची वाटच बघायला लावत नाहीस. मग लिंबू काय आणि नारळ काय! अमेरिकेतले पेन आणि टेलर हाच खेळ पारदर्शक पेल्यांत करतात. सगळं दिसत असतं, तरी नजर फसते. तू मात्र हाताच्या सफाईमागे इतका लागलास, की वाचन सोडलंस.

जादूगार रॉबेर-हुदँची पेटी तुला माहीत आहे. घड्याळजी माणूस तो, रंगमंचाखाली विद्युतचुंबक बसवला आणि लोखंडी तळाची पेटी जागची हलेना. १८५६ साली फ्रेंच सरकारनं त्याला अल्जीरियाला धाडलं, तेव्हा त्यानं त्याच पेटीला दुसरी गोष्ट जोडली: पेटी जड होत नाही, मीच या धट्ट्याकट्ट्या माणसाची ताकद काढून घेतो. चुंबक तोच. लोक घाबरले ते त्या गोष्टीला. दादाला या माणसाचं फार कौतुक होतं, पण ही हकीकत आली की तो गप्प व्हायचा. परक्या राज्याचा धाक बसवायला आपली कला वापरावी, हे त्याला सोसायचं नाही. मलाही नाही.

आणि म्हणून तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळींनी माझी झोप उडाली आहे. गणपतीतला खेळ संपल्यावर एक बाई तुझ्या पाया पडल्या, आजारी मुलासाठी काही तोडगा द्या म्हणाल्या, आणि तू "नुसता हसलो" असं लिहितोस. बाळ, का हसलास? कादंबरी उघडणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, की हे घडलेलं नाही. ठाऊक असूनही तो रडतो. आपल्या खेळाचंही तसंच असायला हवं. त्या बाईंना ते ठाऊक नव्हतं. तुझ्या हसण्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल? चिपळूणला दादानं चालता खेळ थांबवून काय केलं होतं, ते तुझ्या आईला विचार.

तू सुरुवातीला सांगतोस ना, की माझ्याकडे मंत्रबिंत्र काही नाही, ही हातचलाखी आहे? की तेही सोडलंस?

त्या बाई कुठल्या इमारतीत राहतात ते शोध. वाट्या घेऊन जा, लिंबू कसं येतं ते त्यांच्या हातात देऊन दाखव. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस, त्यांना दाखव. मुलाला काय होतंय, डॉक्टरकडे नेलंय का, ते विचार आणि मला लगेच कळव.

रद्दीवाला कुठला तेही कळव. उद्या सकाळीच जाऊन बघते.

तुझी
आत्या